ओलांडलेला वाटा

"प्रश्न विचारायच्या आधी त्याचं उत्तर कुणाच्या घरात राहतं ते बघून ये, पोरी."

हे माझी सासू रामोनसिता बोलली. परातीत बीन्स निवडत होती, खडे एका बाजूला सारत, मान वर न करता. मी माझ्या लेकीला, नीवेसला, मांडीवर घेऊन निळ्या मक्याची पेज भरवत होते आणि दुपारच्या बैठकीत काय काय बोलणार ते सासूला ऐकवत होते. मी हसले. म्हटलं, "आई, उत्तर कुणाच्याही घरात राहो, त्यानं प्रश्न खोटा होत नाही."

"खोटा होतो असं कुठं म्हणाले मी? घर राहतं का, ते बघ म्हणतेय."

"हे तर अगदी आमच्या सरांसारखं बोललात."

"तुझ्या सरांना सून होती का?" असं म्हणून तिनं एक खडा टिपून खिडकीबाहेर फेकला.

कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकले हा आमच्या घरातला जुना विनोद आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून तोर्तिया, म्हणजे आमची मक्याची पोळी, करपली की सासू म्हणायची, "विचार करत होतीस वाटतं." मला त्याचा राग यायचा नाही. राग यायची गोष्ट पुढं घडली. ती सांगते.

आमच्या एल आलामितो गावात डोंगरावरचं बर्फ सुटायला लागलं की पाट उपसतात. वर्षभराचा गाळ, वाळुंजाची मुळं, बियरचे डबे, कधी एखाद्या कोकराची हाडं. ज्याला उन्हाळ्यात पाणी हवं त्याच्या घरचा एक गडी त्या दिवशी फावडं घेऊन हजर पाहिजे. माझे सासरे सेलेदोन हे पाटकरी. कुणाला कधी पाणी, किती वेळ, ते त्यांच्या शब्दावर. उपसणीच्या दिवशी हातात सोललेली काठी घेऊन ते पुढं चालतात, मागून रांग खणत येते. सामाईक पाट असा सगळ्यांनी मिळून काढायचा. पण ज्याच्या दारापुढून पाट जातो तो तुकडा त्या घराचा. तिथं पोचलं की रांग तो तुकडा ओलांडून पुढं जाते आणि त्या घरचा गडी मागं थांबून आपला तुकडा काढतो. दुसऱ्याच्या तुकड्याला फावडं लावायचं नाही. लावलं तर तो माणूस वर्षभर बोलत नाही. "त्याच्या तोंडावर 'तू मेलास' म्हणण्यासारखं आहे ते," असं आमादेओ मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी म्हणाला होता. आमादेओ म्हणजे माझा नवरा.

या मार्चात मी गड्यांचं जेवण घेऊन गेले होते. नीवेस कडेवर. ती आता धावते, आणि पाट जवळ असला की मी तिला खाली सोडत नाही, कोरडा असला तरी. बायका हसतात. हसू देत.

वारा बोचरा होता. गड्यांच्या पाठी वाफाळलेल्या, हात मातीनं काळे. ईस्टरच्या आधीचे उपास चालू होते, त्यामुळे डब्यात मांस नाही, नुसता बटाटा आणि लाल मिरचीचा रस्सा, आणि त्यावरून कुरकुर चालली होती. एवढ्यात वळणावरून तिया ऑर्लिंदा आली.

तिया म्हणजे मावशी. ती कुणाची सख्खी मावशी नाही, पण सगळं गाव तिला तियाच म्हणतं. पाट जिथं वळतो तिथंच तिचं मातीच्या विटांचं घर, दोन जर्दाळूची झाडं, मिरचीचा वाफा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. उपसणीला तिचा भाचा यायचा. तो या वर्षी दक्षिणेला तेलाच्या विहिरींवर कामाला गेला आणि आला नाही. म्हणून ती स्वतः आली. पायात नवऱ्याचे रबरी बूट, पुढं कागदाचे बोळे कोंबलेले. हातात आखूड दांड्याचं फावडं.

तेलेस्फोर पाट-समितीचा प्रमुख. तो वर बांधावर बसून खात होता. "तिया," तो म्हणाला, "फावडं तुम्ही आणलंत की फावड्यानं तुम्हाला आणलं?"

गडी हसले. तियाही थोडी हसली. "माझा वाटा काढायला आलेय, सेलेदोन," ती सासऱ्यांना म्हणाली.

सासरे वाईट माणूस नाहीत. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढं वाचताना तुम्हाला तसं वाटेल. त्यांनी काठी काखेत धरली, टोपी मागं सारली. "ऑर्लिंदा, म्हातारा माणूस म्हणजे अर्धा गडी. मागच्या बैठकीत ठरलंय, अर्धा गडी या वर्षी मोजायचा नाही. पूर्ण गडी पाठव."

"कुठून पाठवू? झाडाला लागतात का?"

"ते मी कसं सांगू?"

"मग मी खणते. अर्धी तर अर्धी."

"मोजणार नाही म्हटलं ना. उगाच कंबर मोडून घेशील, वर आमच्या नावानं बोंब."

ती उभी राहिली. कुणी तिच्याकडं बघेना. सगळ्यांना एकदम भूक लागल्यासारखी माना डब्यात गेल्या. मग सासऱ्यांनी हाळी दिली, रांग उठली, वळणावर आली आणि तिच्या दारापुढचा तुकडा ओलांडून पुढं गेली. एकेकानं फावडं खांद्यावर घेतलं, पाय लांब टाकला. आमादेओनंही. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी भुवया उडवल्या, त्यानं मान हलवली. रिवाज.

संध्याकाळी परत येताना पाहिलं, तर तिया, नको म्हटलेलं असूनही, दारापुढच्या पाटात एकटीच उतरलेली. गाळ ओला, जड. ती फावडं भरायची, उचलायची, अर्धा गाळ दांड्यावरून घसरून परत खाली. कोंबडी पुरायला पुरेल एवढा खड्डा झाला होता. मी म्हटलं, "तिया, मी येऊ का?"

"पोरगी कडेवर घेऊन?" ती म्हणाली. "जा घरी. थंडी लागेल तिला."

मी गेले.

पाणी सोडलं तेव्हा आमादेओ मेंढ्यांकडं होता. व्यायचे दिवस होते, वरच्या कुरणात एक मेंढी अडली होती. सकाळीच तो गेला. मला तेवढंच ठाऊक होतं.

पहिलं पाणी येतं तेव्हा ते पाण्यासारखं दिसत नाही. आधी एक करकर ऐकू येते. मग काटक्या, वाळकी पानं, फेस, मेलेले उंदीर असा एक तपकिरी ढीग पाटातून सरपटत येतो आणि त्याच्या मागं पाणी. गावातली पोरं त्या ढिगाच्या पुढं पुढं पळतात. नीवेस माझ्या कडेवर हातपाय झाडत "पाणी! पाणी!" करत होती. मी तिची करंगळीसुद्धा सोडली नाही.

वळणावर तो ढीग तियाच्या गाळाला अडला. थबकला. पाणी मागून येतच होतं. ते चढलं, बांधाच्या काठाशी आलं, एक क्षण काठावर थरथरत उभं राहिलं आणि मग सावकाश, काही घाई नसल्यासारखं, तियाच्या अंगणात उतरलं. जर्दाळूच्या बुंध्यांना वळसा घालून उत्तरेच्या भिंतीशी गेलं आणि तिथंच साचलं.

मातीच्या भिंतीला वरचा पाऊस सोसतो, खालचं पाणी सोसत नाही. मी ओरडत रस्त्याकडं धावले, नीवेस रडायला लागली. तेलेस्फोरची गाडी येत होती. "वर जा! बंद करा!" मी ओरडले. त्यानं गाडी वळवली आणि वर नेली, हे मान्य करायला हवं. पण पाणी सोडायची झडप वर, नदीकाठी, पाटाच्या तोंडाशी. तोवर भिंतीचा पाया काळा पडला, फुगला, आणि दमलेलं जनावर गुडघ्यांवर बसावं तशी ती भिंत खाली बसली. आतला पलंग दिसला. त्यावरची गोधडी. खुंटीवर टांगलेला, मेलेल्या नवऱ्याचा कोट. सगळ्या गावाला दिसला.

तिया दारात उभी होती, घोट्यापर्यंत पाण्यात. ओरडली नाही. तिनं आत जाऊन तो कोट तेवढा काढून घेतला.

त्यानंतरचे दिवस मी कामं करत काढले आणि आतून उकळत राहिले. भिंतीच्या जागी निळी ताडपत्री लागली. मार्चातला वारा तिला रात्रंदिवस फडफडवायचा, आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. तिया चुलीपाशी निजायला लागली, खोकायला लागली. मी सूप नेऊन द्यायची. ती "ठेव" म्हणायची.

आणि गाव बोलत होतं. दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, पेट्रोलपंपावर, सगळीकडं एकच वाक्य, जणू पाठ करून दिलेलं. "कुणी काही केलं नाही." "झालं ते वाईट झालं, पण कुणी काही केलं नाही." "तिच्या वाट्याचा गाळ, तिच्या घरात पाणी. आपण काय केलं?" तेलेस्फोरची बायको तर मला म्हणाली, "उलट तिच्यामुळं खालच्यांचं पाणी दोन दिवस लांबलं, मिहिता. तेही बघायला हवं ना." मिहिता म्हणजे पोरी; इथं कुणीही कुणाही पोरीला म्हणतं.

हे ऐकलं की माझ्या कानांच्या पाळ्या तापायच्या. कारण हे वाक्य मला ओळखीचं होतं. कॉलेजात एक सगळं सत्र आम्ही त्याच्यावर घालवलं होतं. करणं वेगळं, होऊ देणं वेगळं. माणूस बुडतोय आणि तू काठावर उभा आहेस, हे त्याला ढकलण्यासारखंच का? आमचे सर खडूनं फळ्यावर रेघ मारायचे आणि म्हणायचे, "फरक आहे की नाही ते नंतर ठरवू. आधी एवढं बघा, की लपायचं असलं की माणूस रेघेच्या कुठल्या बाजूला पळतो." तेव्हा आम्ही वह्यांत चित्रं काढत बसायचो. आता ती रेघ माझ्या गावातून जात होती आणि अख्खं गाव तिच्या एकाच बाजूला गर्दी करून उभं होतं.

घरात आमादेओ गप्प होता. दोन घास खायचा, ताट सारायचा. मेंढी मेली, कोकरू वाचलं, म्हणून असेल असं मला वाटलं. मी त्याचं कपाळ पाहिलं, ताप नव्हता. "काय होतंय?" विचारलं तर "काही नाही." तो रात्री ताडपत्रीचा आवाज ऐकत जागा असायचा, ते मला कळायचं. मी मानलं, त्यालाही माझ्यासारखाच राग आलाय.

मग बैठक ठरली. तेलेस्फोरनं ठराव आणायचं ठरवलं, की तियानं आपला वाटा काढला नाही, त्यामुळं नुकसान तिचं तिनं सोसावं, आणि या उन्हाळ्यात तिच्या वाफ्याचं दार बंद राहील. पाणी नाही म्हणजे जर्दाळू गेले, मिरची गेली. त्याच मिरचीच्या माळांवर ती जगते. त्याच सकाळी सासूनं मला ते वाक्य ऐकवलं, बीन्स निवडता निवडता.

चर्चमागच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या. कॉफीचं मोठं भांडं. मत घराला एक, ते आमच्या घरचं सासऱ्यांचं, पण बोलायला कुणालाही मुभा. तिया आली नव्हती. तिला खोकला होता. तेलेस्फोरनं ठराव सांगितला आणि म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा. कुणावर राग नाही, लोभ नाही. हात वर करा."

मी उठले. नीवेस कडेवर, माझी वेणी तिच्या मुठीत.

"थांबा. ठरावात म्हटलंय की तियानं वाटा काढला नाही. ती आली होती की नव्हती?"

खुर्च्या करकरल्या.

"साधा प्रश्न आहे. फावडं घेऊन आली होती की नव्हती? तुम्ही सगळे तिथं जेवत होतात."

"आली होती," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"मग 'काढला नाही' कसं? 'काढू दिला नाही' म्हणा. न येणारा वेगळा, येऊ न शकणारा वेगळा, आणि आलेला, पण परत पाठवलेला वेगळा. तुमचा नियम पहिल्यासाठी आहे. तो तुम्ही तिसऱ्यावर लावताय."

"अर्धा गडी मोजायचा नाही असं ठरलं होतं," तेलेस्फोर म्हणाला. "बहुमतानं."

"मोजायचा नाही असं ठरलं होतं. खणू द्यायचं नाही असं ठरलं होतं का?"

सासरे खाली मान घालून काठीचं टोक जमिनीवर घासत होते. तेलेस्फोरनं हात जोडल्यासारखे केले. "हे बघ देल्फिना, तू शिकलेली आहेस, शब्दांत आम्ही तुझ्यापुढं हरणार. साधं बोलू. तिच्या घरात पाणी गेलं याचं आम्हालाही वाईट वाटतं. पण आम्ही काय केलं? आम्ही काहीच केलं नाही. फक्त दुसऱ्याच्या वाट्याला हात लावला नाही. आपल्या बापजाद्यांचा रिवाज आहे तो."

माना डोलल्या. याचीच मी वाट बघत होते. माझा आवाज चढला, नीवेसनं दचकून वेणी सोडली.

"बरोबर. गाळ तुम्ही टाकला नाहीत. तो तिथं होताच. तुम्ही नुसतं ओलांडून गेलात. ते 'न करणं' आहे असं घटकाभर धरू. पण गाळानं भिंत पाडली का? गाळ तिथंच बसून राहिला असता, वर्षभर. भिंत पाण्यानं पाडली. आणि पाणी काय आपल्या पायांनी आलं? वर लोखंडी झडप आहे. तिला चाक आहे. ते गंजलेलं, दोन्ही हातांनी जोर लावल्याशिवाय फिरत नाही. ते फिरवणं म्हणजेसुद्धा 'काही न करणं' का? खाली वळणावर पाट तुंबलाय हे ठाऊक असताना कुणीतरी ते चाक फिरवलं. कुणी?"

कॉफीचं भांडं तेवढं खदखदत होतं.

"कुणी फिरवलं? एवढं सांगा. मग बोलू, की कुणी काही केलं नाही."

माझी नजर तेलेस्फोरवर होती. मग ती सासऱ्यांवर गेली. मग सासूवर. ती आपल्या हातांकडं बघत होती, सकाळी बीन्सकडं बघत होती तशीच. तेव्हा मला कळलं. क्षणभर आधी.

आमादेओ उठला. टोपी हातात.

"मी फिरवलं," तो म्हणाला. "कुरणातून खाली येत होतो. पप्पांनी सांगितलं, चाक फिरव. गाळ मला माहीत होता. मी तो ओलांडून गेलो होतो." एवढं बोलून तो खाली बसला. मग परत उठला, जणू बसायचा हक्क नसल्यासारखा, आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

आणि मग जे झालं त्याचा राग अजून माझ्या दातांत आहे.

हॉल सैल झाला. मी डोळ्यांनी पाहिलं. खांदे खाली आले, कुणी खुर्चीत मागं रेललं, कुणी कॉफी ओतून घेतली. तेलेस्फोर हसला. "झालं तर मग! पोरीनंच शोधून दिलं. ज्यानं केलं त्यानं भरावं. ठराव बदलतो. आमादेओनं भिंत बांधून द्यावी, विषय संपला. हात वर करा."

आणि हात वर व्हायला लागले. तो डब्यात मान घालून बसलेला, तो 'तिया, फावडं' वर मोठ्यानं हसलेला, मागच्या बैठकीत अर्धा गडी नको म्हणणारा, सगळ्यांचे हात. स्वच्छ धुतलेले.

"खाली घ्या!" मी ओरडले. नीवेस रडायला लागली आणि मी तिला गप्प केलं नाही. "खाली घ्या ते हात! दोष म्हणजे पाटाचं पाणी वाटलं का तुम्हाला? वरच्यानं घेतला की खालच्याला कमी येतो? दोष तसा नसतो. आमादेओनं चाक फिरवलं, ते त्याचं, पूर्ण त्याचं. मी त्यातलं चमचाभरही कमी करत नाही, तो माझा नवरा आहे तरी. पण ज्यांनी सांगितलं त्यांचं त्यांच्याकडं पूर्ण उरलं. ज्यांनी तिला परत पाठवलं त्यांचं पूर्ण. जे हसले त्यांचं, जे ओलांडून गेले त्यांचं. प्रत्येकाच्या वाफ्यात भरपूर येईल एवढं आहे!"

"मग काय, अख्ख्या गावाला फाशी देतेस?" कुणीतरी म्हणालं, आणि एकदोघे हसले.

"फाशी कोण मागतंय? मी शिक्षा मागतच नाहीये. दोष कुणाचा हा एक प्रश्न. भिंत कुणी बांधायची हा दुसरा. तुम्ही दोन्ही एकाच दोरीत बांधताय, म्हणजे दोषी एक सापडला की बाकीच्यांना जेवायला घरी जाता येतं. म्हातारीची भिंत पडलीय. वारा आत येतोय. तुमचा काही दोष नसता, कुठूनतरी ढगफुटी झाली असती, तरी तुम्ही तिची भिंत बांधली असती. तेलेस्फोर, तुमचं गोदाम वाऱ्यानं उडालं तेव्हा कुणी विचारलं होतं का, चूक कुणाची?"

सासऱ्यांनी काठी टेबलावर आपटली. "पुरे!" त्यांचा चेहरा लाल नव्हता, राखेसारखा होता. "पुरे झालं, देल्फिना. आमच्या घराचं नाव काढायचं राहिलं होतं, तेही काढलंस."

"मी काढलं नाही. तो स्वतः उठला."

"तू उठवलंस."

यावर मला उत्तर होतं. ते दिलं नाही. तेवढं एक उत्तर मी गिळलं.

शेवटी काय झालं? तियाचं पाणी बंद करायचा ठराव बारगळला. त्यावर पुन्हा हात वर करायला कुणी धजेना, कारण आता वर केलेला हात नुसता हात राहिला नव्हता, त्यातून काय होतं ते दिसत होतं. एवढं मी जिंकले. भिंतीचं मात्र "पुढच्या बैठकीत बघू" झालं. ही दुसरी लपायची जागा.

आमादेओ पुढच्या बैठकीची वाट बघत बसला नाही. दुसऱ्या दिवसापासून तियाच्या अंगणात माती, पेंढा, पाणी कालवायला लागला. पँट गुडघ्यापर्यंत, पाय थंडीनं निळे, चिखल तुडवायचा. साच्यात भरायचा, साचा उचलायचा, विटा उन्हात मांडायचा. काही दिवस एकटाच. मग एका सकाळी सासरे आले. पेंढ्याचा गठ्ठा सोडला आणि चिखलात उतरले, म्हातारे पाय घेऊन. अर्धा गडी. त्यांना कुणी परत पाठवलं नाही. त्यानंतर रांगेतले काहीजण आले, काहीजण आले नाहीत. तेलेस्फोरनं एक खिडकी पाठवून दिली, नोकराबरोबर.

सासरे माझ्याशी तेव्हापासून बोलत नाहीत. एका छपराखाली, एका टेबलाशी. मीठ हवं असलं तर नीवेसला सांगतात, "मिहिता, तुझ्या आईला सांग." सासू काही म्हणाली नाही. 'सांगितलं होतं' एवढंसुद्धा नाही, आणि तेच जड गेलं. आमादेओ मला म्हणाला, "तू बरोबर बोललीस. सगळं बरोबर." मग नखांतला चिखल काढत, "मला आधी विचारायचंस."

"तू आधी सांगायचंस!" मी म्हटलं. यावरून आम्ही भांडलो, आणि दोघंही बरोबर होतो.

पण मी तियाबद्दल लिहीत होते.

बैठक संपल्यावर मी आधी तिच्याकडंच गेले होते. धापा टाकत, विजयी. दार लोटलेलं होतं. मी बाहेरूनच सांगितलं, तिया, तुमचं पाणी वाचलं, मी सगळ्यांना गप्प केलं. आतून खोकला आला. मग ती दाराशी आली, नवऱ्याचा कोट अंगावर.

"म्हणजे तू बोललीस माझ्याबद्दल."

"हो."

"तासभर?"

"हो, तिया."

"मला विचारलं होतंस? सूप घेऊन रोज यायचीस. एकदा तरी विचारलंस, 'ऑर्लिंदा, तुला काय हवंय?' मी सांगितलं असतं. मला त्या बैठकीत यायचं होतं. कुणीतरी दंडाला धरून न्यायला हवं होतं, एवढंच. माझ्या भिंतीबद्दल मला बोलायचं होतं." तिनं माझ्या पायांकडं पाहिलं, मग पाटाकडं. "ते मला ओलांडून गेले. तूही गेलीस. तुझा पाय जरा लांब पडला, एवढंच."

तिनं दार लावलं. तेव्हा ती चिडलेली असेल, निवळेल, असं मला वाटलं. ती निवळली नाही. भिंत उभी राहिली, मातीचा लेप झाला, तेलेस्फोरची खिडकी बसली, जर्दाळू धरले. आमादेओला ती कॉफी द्यायची, सासऱ्यांशी बोलायची. माझ्या हातचं सूप उंबऱ्यावर तसंच राहायचं, त्यावर साय धरायची. मला राग आला. अजून आहे. मी तिच्यासाठी माझं घर पणाला लावलं, आणि जे हसले त्यांच्याशी ती हसते. पण रागाच्या तळाशी जाऊन बघितलं, तर तिचं वाक्य तिथं बसलेलं असतं, माझ्या सगळ्या वाक्यांपेक्षा साधं, आणि ते हलत नाही.

उन्हाळा सरताना आम्ही शहरात आलो. आमादेओला इथं गोदामात काम लागलं. खरं कारण ते टेबल, ते मीठ. इथं नीवेसला पाटाची भीती नाही, रस्त्याची आहे. मी तिची करंगळी इथंही सोडत नाही.

काल सासूचा फोन आला. डोंगरावर पहिलं बर्फ पडलंय म्हणाली. मी विचारलं, तिया कशी आहे? ती म्हणाली, "दिसली नाही या आठवड्यात. सेलेदोनचे गुडघे धरलेत, तो वळणापर्यंत जात नाही. मी म्हटलं, बाकी कुणीतरी जात असेल."

कुणीतरी जात असेल. सगळं गाव आत्ता हेच म्हणत असणार, आपापल्या चुलीपाशी. आणि ती माझा फोन उचलत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही त्या बाजूनं जाणार असाल, एल आलामितोवरून, तर वळणावर थोडं हळू व्हा. दोन जर्दाळूची झाडं, उत्तरेची भिंत बाकीच्या घरापेक्षा नवी, लालसर. धुराड्यातून धूर येतोय का ते बघा. येत असेल तरी थांबा. दार वाजवा, जोरात, तिला कमी ऐकू येतं. माझं नाव सांगू नका. सरपण फोडून देऊ का, फावडं आणू का, असलं काही लगेच सुरू करू नका. आधी तिला विचारा, काय हवंय, आणि ती सांगेल तोवर उंबऱ्यावर उभे राहा.